दोन विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

दोन लहान विमानतळांमधील अंतर काढताना रस्त्याचे किंवा रेल्वेचे अंतर बाजूला ठेवावे आणि दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत. ते शहराचे नव्हेत, विमानतळाचेच हवेत, कारण काही विमानतळ शहरापासून बरेच दूर असतात आणि छोट्या मार्गावर तेवढ्यानेही उत्तर बदलते. नोंद अंश-कलांत (एका अंशाच्या ६० कला) असेल तर तिचे आधी दशांशात रूपांतर करावे. १८ अंश ३० कला म्हणजे १८.५ अंश, १८.३० नव्हे, या एका चुकीने उत्तर वीसेक किलोमीटरने सरकते.

अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवांकडे आखूड होत जातो, म्हणून त्याला दोन्ही ठिकाणांच्या सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. समजा, एक विमानतळ २० अंश उत्तर व ७५ अंश पूर्व येथे आणि दुसरा १७ अंश उत्तर व ७९ अंश पूर्व येथे आहे. उत्तर-दक्षिण फरक ३ गुणिले १११ म्हणजे ३३३ किलोमीटर, तर पूर्व-पश्चिम फरक ४ गुणिले १११ गुणिले ०.९४८ (सरासरी अक्षांश १८.५ अंशाचा कोसाइन) म्हणजे सुमारे ४२१ किलोमीटर येतो. पायथागोरसच्या प्रमेयाने हवाई अंतर सुमारे ५३७ किलोमीटर निघते. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून गोलावरचे अंतर देणाऱ्या हॅव्हरसाइन सूत्राने काढलेले उत्तरही यापासून किलोमीटरभरच दूर असते. मार्ग हजारो किलोमीटरचा असेल तेव्हा मात्र तेच सूत्र वापरावे. वैमानिक हेच अंतर २९० सागरी मैल असे सांगतील. सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो, साधा मैल सुमारे १,६०९ मीटरचा. त्यांची गल्लत करू नये.

खरी गफलत वेळेच्या हिशेबात होते. अंतराला वेगाने भागले की काम झाले, असे वाटते. पण विमान सरळ रेषेत जात नाही आणि सर्व वेळ पूर्ण वेगातही नसते. ठरलेले हवाई मार्ग आणि धावपट्टीच्या दिशेप्रमाणे घ्यावी लागणारी वळणे यांसाठी अंतरात पाच ते दहा टक्के वाढ धरावी. आपल्या उदाहरणात ते ५७५ किलोमीटर मानू. एटीआर ७२ सारखे टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांवर चालणारे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते, म्हणजे ६९ मिनिटे. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे व जागेवर येऊन थांबणे यांची वीसेक मिनिटे मिळवली की दीड तास होतो. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या जेटला ४३ मिनिटे पुरतात, पण त्याला अधिक उंची गाठायची असल्याने वरची पंचवीस मिनिटे धरावीत. वेग दीडपटीहून अधिक असूनही वाचतात ती जेमतेम वीस मिनिटे, त्यामुळे छोट्या मार्गावर टर्बोप्रॉपला नाक मुरडण्याचे कारण नाही.

वाऱ्याचा हिशेबही समसमान नसतो. ताशी ५० किलोमीटरचा समोरचा वारा टर्बोप्रॉपची सुमारे आठ मिनिटे खातो, तर तेवढाच पाठचा वारा सहाच मिनिटे वाचवतो.

वेळापत्रकाशी ताळा करताना लक्षात ठेवावे की त्यातील सुटण्याची वेळ विमान जागेवरून हलण्याची असते, आकाशात झेपावण्याची नव्हे. शिवाय विमान कंपन्या उशीर गृहीत धरून थोडी जादा मिनिटेही राखून ठेवतात. दोन विमानतळ वेगवेगळ्या कालविभागांत असतील तर दोन्ही वेळा आधी एकाच प्रमाणवेळेत आणाव्यात आणि मगच वजाबाकी करावी.