शहराजवळ उथळ भूकंप झाला तर काय करावं

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहराने सहा महिन्यांच्या आत दोन मोठे भूकंप सोसले. पहिला ४ सप्टेंबर २०१० च्या पहाटे झाला. तीव्रता ७.१, केंद्र शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर. पडझड बरीच झाली, पण कोसळणाऱ्या इमारतींनी एकाचाही जीव घेतला नाही. दुसरा २२ फेब्रुवारी २०११ रोजी भर दुपारी झाला. तीव्रता ६.२, म्हणजे आकड्याने लहानच. पण केंद्र शहराला खेटून आणि जमिनीखाली जेमतेम पाच किलोमीटरवर. त्यात १८५ माणसं गेली, त्यांतली ११५ एकाच इमारतीत.

म्हणून भूकंपाची बातमी ऐकताना नुसत्या तीव्रतेवर जाऊ नका, खोली आणि अंतरही बघा. २०१३ साली ओखोत्स्क समुद्राखाली ८.३ तीव्रतेचा भूकंप झाला होता, पण तो सहाशे किलोमीटर खोल. हजारो किलोमीटर दूर मॉस्कोपर्यंत जाणवला आणि मोठी हानी न करता विरला. उलट १९६० मध्ये मोरोक्कोतलं अगादीर ५.८ च्या उथळ भूकंपाने उद्ध्वस्त झालं, सुमारे १२ हजार माणसं मेली.

उथळ आणि जवळच्या भूकंपात वेळच मिळत नाही. भूकंपाच्या पहिल्या लहरी वेगवान पण सौम्य असतात. इमारती हलवणाऱ्या दुसऱ्या लहरी मागून येतात. शंभर किलोमीटरवर या दोन्हींमध्ये साधारण बारा सेकंदांचा अवधी मिळतो, दहा किलोमीटरवर एखाद-दुसरा सेकंद. फोनवरची धोक्याची सूचना इतक्या जवळ बहुतेक वेळा धक्क्याच्या आधी पोचू शकत नाही. अमुक दिवशी भूकंप येणार असे संदेश फिरत असतात, त्यांवर विश्वास ठेवू नका. दिवस-वेळ सांगण्याची पद्धत आज कुणाकडेही नाही. जे काही करायचं ते आधी करून ठेवायचं, आणि त्या क्षणी अंगवळणी पडलेलं तेवढंच होतं.

१. आधी पलंगावर आडवे व्हा आणि वर बघा

खरंच आडवे व्हा. डोक्याच्या वर काय आहे? जड फ्रेम, पुस्तकांचा रॅक, कपाटावर रचलेल्या बॅगा? कपाट आडवं झालं तर ते पलंगावर पडेल की दाराशी पडून वाट अडवेल? १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे जपानमधल्या कोबे शहरात भूकंप झाला तेव्हा माणसं अंथरुणातच होती, आणि बहुतेक मृत्यू घरं व सामान अंगावर कोसळूनच झाले.

सरकवता येईल ते आधी सरकवा, त्याला खर्च नाही. उंच कपाटं एल आकाराच्या पट्टीने भिंतीला जखडा. स्क्रू नुसत्या गिलाव्यात बसला तर काही उपयोग नाही, तो विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. लाकडी किंवा पोकळ भिंत असेल तर आतल्या चौकटीतच. कपाटाच्या बाजूने मागच्या पातळ प्लायला पट्टी लावू नका, वरच्या जाड फळीला लावा. जड वस्तू खालच्या कप्प्यात. गॅस सिलिंडर आणि गीझरही असेच बांधून टाका.

पलंगाखाली पिशवीत जाड तळव्याचे बूट आणि टॉर्च ठेवा. रात्रीच्या भूकंपानंतर पायांना होणाऱ्या जखमा बहुतेक काचांच्याच असतात.

२. इमारतीचा तळमजला बघा

वर भिंतींनी भरलेले मजले आणि खाली पार्किंग किंवा दुकानांसाठी नुसते खांब, अशी रचना असेल तर सगळा ताण त्या खांबांवर येतो आणि तळमजला आधी बसतो. अशा इमारतीत राहत असाल तर सोसायटीच्या सभेत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणीचा ठराव मांडा. खांबांना जॅकेट घालणं (म्हणजे भोवती काँक्रीट किंवा स्टीलचं वेष्टण चढवणं), मध्ये भिंती उभारणं असे उपाय असतात. बाकी सगळ्या तयारीपेक्षा मला हेच काम मोलाचं वाटतं, आणि नेमकं हेच वर्षानुवर्षं पुढे ढकललं जातं. मधली एखादी भिंत किंवा खांब दुकान मोठं करण्यासाठी कुणी पाडत असेल तर गप्प बसू नका.

३. हादरा बसताच

खाली बसा, मजबूत टेबलाखाली शिरा, त्याचा पाय घट्ट धरा. टेबल सरकलं तर त्याच्याबरोबर सरका. टेबल नसेल तर आतल्या भिंतीपाशी, काचांपासून लांब, गुडघ्यांवर बसून हातांनी मान आणि डोकं झाका. अंथरुणात असाल तर तिथेच पालथे पडून डोक्यावर उशी घ्या. चाकाच्या खुर्चीत असाल तर ब्रेक लावा आणि पुढे वाका.

पळू नका. जोराच्या हादऱ्यात दोन पावलंही धड टाकता येत नाहीत, आणि दाराबाहेरच कठडे, काचा, विटा पडत असतात. क्राइस्टचर्चमध्ये जुन्या विटांच्या इमारतींचे दर्शनी भाग रस्त्यावरच्या माणसांवर आणि बसवर कोसळले. दाराच्या चौकटीत उभं राहण्याचा सल्लाही आता जुना झाला. आजच्या घरात चौकट भिंतीपेक्षा मजबूत नसते. अपवाद एकच: दगड-मातीच्या भिंती, वर जड छप्पर, तुम्ही तळमजल्यावर आणि मोकळी जागा दोन-चार पावलांवर. तिथे मात्र बाहेर पडलेलंच बरं.

लिफ्टमध्ये असाल तर सगळ्या मजल्यांची बटणं दाबा आणि दार उघडेल तिथे उतरा. गाडी पूल, झाडं, तारा टाळून कडेला थांबवा.

४. हादरे थांबल्यावर

बूट घाला, मगच खाली पाय ठेवा. दार उघडून त्यात काहीतरी अडकवा, पुढच्या धक्क्यात ते घट्ट बसू शकतं. गॅस बंद करा. वास येत असेल तर दिव्याचं बटण, काडीपेटी, लायटर कशालाही हात लावू नका. खिडक्या उघडून बाहेर पडा. वास नसेल तर निघताना विजेचा मेन स्विच पाडा. कोबेत वीज परत आल्यावर पडलेले हीटर आणि तुटलेल्या वायरींनी नव्या आगी लावल्या. जिना वापरा, लिफ्ट नाही.

फोन करत बसू नका, मेसेज पाठवा. तो गर्दीतही जातो. दुसऱ्या शहरातला एक नातेवाईक आधीच ठरवून ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाने त्यालाच खुशाली कळवायची. समुद्रकिनारी असाल आणि हादरा बराच वेळ टिकला असेल तर त्सुनामीच्या इशाऱ्याची वाट न बघता उंचावर जा.

५. कुणी अडकलं असेल तर

पहिल्या तासांत शेजारीच सोडवतात. कोबेत वाचलेल्या बहुतेकांना शेजाऱ्यांनी आणि घरच्यांनीच बाहेर काढलं. हाका मारा, मग सगळ्यांना गप्प करून कान द्या. वरचं, हलकं, सुटं आधी काढा. ज्यावर भार पेललेला दिसतो ते खेचू नका. पाय किंवा मांडी तासभर अथवा त्याहून जास्त वेळ दबलेली असेल तर वजन उचलण्याआधी वैद्यकीय मदत बोलवा. दाब सुटताच दबलेल्या स्नायूंमधलं पोटॅशियम रक्तात जाऊन हृदय थांबू शकतं.

स्वतः अडकलात तर तोंडावर कापड धरा आणि पाइप किंवा भिंत तीन-तीन ठोक्यांनी वाजवा. ओरडणं अगदी शेवटी, त्याने धूळ छातीत जाते.

६. घरात परत जाताना

६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात पहाटे ७.८ चा भूकंप झाला आणि सुमारे नऊ तासांनी ७.५ चा दुसरा. पहिल्यात तगलेल्या काही इमारती दुसऱ्यात पडल्या. त्यामुळे कागदपत्रं, औषधं आणायला म्हणूनही लगेच आत शिरू नका.

गिलाव्यातली केसासारखी भेग बहुधा वरवरची असते. खांबाचं काँक्रीट फुटून सळया दिसणं, खिडक्यांमधल्या भिंतीत फुलीसारख्या तिरक्या भेगा, जिना भिंतीपासून सुटणं, काल सहज लागणारं दार आज चौकटीत न बसणं, इमारत कलणं: यांतलं एकही दिसलं तर इंजिनिअरने बघेपर्यंत बाहेरच राहा. भेगांचे फोटो पट्टी शेजारी धरून काढा, तारीख टाका आणि प्रत्येक मोठ्या धक्क्यानंतर पुन्हा मोजा. भेग रुंदावत असेल तर ते फोटो इंजिनिअरला दाखवा.