व्हिडिओ रेझ्युमे: हॉटेलसाठी केला, अकाउंट्ससाठी नाही

बी.कॉम. झाल्यावर मी दोन वाटांनी अर्ज करत होते. एकीकडे गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत अकाउंट्सची कामं, दुसरीकडे किनारपट्टीवरच्या हॉटेलांत फ्रंट ऑफिस, म्हणजे पाहुण्यांच्या स्वागताचं काम. व्हिडिओ रेझ्युमे, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलून स्वतःची ओळख करून देणारा छोटा व्हिडिओ, करावा का, हा प्रश्न तेव्हाच पडला, आणि दोन्हीकडे उत्तर वेगळं निघालं.

फ्रंट ऑफिसचं कामच बोलण्याचं. ‘इंग्रजी, हिंदी, कोकणी, मराठी उत्तम’ असं प्रत्येकाच्या रेझ्युमेत असतं, त्यावरून काहीच कळत नाही. मी डिचोलीची, चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. माझ्या इंग्रजीबद्दल समोरच्याला शंका येणार हे मला ठाऊक होतं. एका मिनिटाच्या व्हिडिओने ती शंका मुलाखतीआधीच मिटते. विक्री, शिकवणं, इव्हेंट, अँकरिंग अशा कामांनाही हेच लागू.

अकाउंट्सला मात्र टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटीची माहिती नीट मांडलेलं एक पान पुरतं. मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं. ते लिहिलेले शब्द शोधतं, तुमचा व्हिडिओ बघत नाही. सरकारी जागांसाठी तर संगणकावरची परीक्षा, तिथे व्हिडिओचा विचारच नको. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: व्हिडिओत तुमची पात्रता कळायच्या आधी चेहरा, रंग, वय, कपडे दिसतात. हे ज्याला नको वाटतं त्याने तो करू नये, त्यात कमीपणा नाही. जाहिरातीत मागितला नसेल तर व्हिडिओ कागदी रेझ्युमेसोबत द्या, त्याच्या जागी कधीच नको.

पहिला व्हिडिओ मी पूर्ण लिहून, पाठ करून केला. बघितला तर डोळे आठवणीत शब्द शोधत होते. शिवाय ‘माझं नाव अमुक, शिक्षण तमुक’, म्हणजे कागदावरचंच पुन्हा. दुसऱ्या वेळी लेन्सशेजारी तीन शब्दांची चिठ्ठी चिकटवली आणि एकच प्रसंग सांगितला. मावशीच्या होमस्टेवर रात्री अकराला पाहुणे आले, बुकिंग दुसऱ्या दिवशीचं होतं. मी त्यांना आधी पाणी दिलं, बसवलं, मग शेजारच्या घरी खोली मिळवून दिली. सगळं मिळून सत्तर सेकंद. पुढे मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच रात्रीचा आला.

चित्रीकरणाला फोन आडवा, लेन्स डोळ्यांच्या उंचीवर, आणि खिडकी तुमच्या समोर असू दे, पाठीमागे नको. पंखा बंद. आवाजासाठी इअरफोनचा माइक चांगला चालतो. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, पावसात पत्रा वाजतो, म्हणून मी दुपारची उघडीप धरली.

पाठवताना मात्र माझं नुकसान झालं. जीमेलला पंचवीस एमबीपेक्षा मोठी फाइल जोडता येत नाही, म्हणून ड्राइव्हची लिंक दिली. लिंक बंद होती. परवानगी मागणारा मेल दोन दिवसांनी आला, मी तो पाहिला आठवड्याने, तोवर जागा भरली होती. एवढी मेहनत त्यांनी न बघताच गेली याचं मला फार वाईट वाटलं. तुम्ही ‘एनीवन विथ द लिंक’ निवडा किंवा यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ (फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असा) ठेवा, आणि पाठवण्याआधी लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. त्यानंतर मी दर वेळी आईच्या फोनवर उघडून बघायचे.

व्हिडिओत घराचा पत्ता आणि फोन नंबर सांगू नका, ते रेझ्युमेत असतातच. लिंक कुठे कुठे फिरते ते आपल्या हातात राहत नाही. मला हॉटेलात नोकरी लागली त्याच संध्याकाळी मी तो व्हिडिओ काढून टाकला.