किलीफिशची अंडी, कोकोपीट आणि वाफसा

वाफसा कळतो ना? पाऊस होऊन गेल्यावर रानात पाय ठेवला तर चिखल चिकटत नाही, पण मुठीत माती दाबली की गोळा होतो आणि बोटानं ढकलला की फुटतो, तो वाफसा. हा ज्याच्या हाताला कळतो त्याला किलीफिश जमणार, कारण या छोट्या माशाची अंडी ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, सांभाळावी लागतात, बाकीचं सगळं नंतर शिकता येतं. मी लातूरात घरी हा उद्योग करतो आणि तीन पिशव्या अंडी वाया घालवून एवढंच शिकलोय. पहिली पिशवी ओली राहिली, अंड्यांना बुरशी लागली, दुसरी इतकी वाळली की अंडी चेपलेल्या पिंगपाँग बॉलसारखी आत बसली. तिसरीचं शेवटी सांगतो.

मी पाळतो तो नोथोब्रँकियस गुंथेरी, झांजिबारचा मासा. जेमतेम ५ सेंटीमीटरचा, नर निळा-हिरवा आणि शेपटी लालभडक, मादी बिचारी मातकट. तिकडं पावसाळ्यात डबकी भरतात, मासे महिना-दीड महिन्यात मोठे होतात, चिखलात अंडी घालतात, मग डबकं आटतं आणि मासे मरतात. अंडी मात्र कोरड्या मातीत पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतात. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलेल्या गावात हा मासा कुणाला परका वाटायचं कारण नाही.

अंडी कोकोपीटच्या पिशवीत कुरिअरनं मागवता येतात. घेताना देणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा, पिशवीत कधी भरली आणि कुठल्या तापमानाला ठेवली. तारीख सांगता येत नसेल तर घेऊ नका. आणि एप्रिल-मे मध्ये मागवू नका, माझं एक पार्सल चार दिवस कुठंतरी तापलेल्या पत्र्याखाली पडून आलं, सगळी अंडी पांढरी. गुंथेरीची अंडी तयार व्हायला २४-२५ डिग्रीला साधारण दोन ते तीन महिने लागतात, गरम जागी लवकर, थंडीत उशिरा. पण तारखेवर विसंबू नका. चिमूटभर कोकोपीट पांढऱ्या ताटलीत पसरा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि भिंगातून बघा, अंडं मोहरीपेक्षाही लहान, साधारण १ मिलीमीटरचं. नुसतं काचेसारखं दिसलं तर पिशवी बंद करून परत ठेवून द्या, आत दोन काळे डोळे आणि त्याभोवती सोनेरी कडी दिसली की तयार. बहुतेक अंड्यांत डोळे दिसल्यावर पण मी अजून एक आठवडा थांबतो, घाई केली की पिल्लं पोटावर घसटत फिरतात, त्यांना वर तरंगताच येत नाही आणि ती काही सुधरत नाहीत.

भिजवायला माठातलं पाणी घ्या. गंमत नाही, यांना थंड पाण्याचा झटका लागतो, आणि आपल्याकडं तसं गार पाणी फ्रीजशिवाय माठातच मिळतं. नळाचं असेल तर आधी एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन जाऊ द्या. मी मृगाचं पाणी पत्र्यावरून सुरुवातीची घाण वाहून गेल्यावर ड्रममध्ये धरतो आणि झाकून ठेवतो, कारण आमच्या गल्लीत नळ आठवड्यानं येतो आणि बोअरचं पाणी इतकं जड की किटलीत पापुद्रा धरतो. मोठ्या माशांना बोअरचं पाणी अर्धं चालतं, पिल्लं काढायला पावसाचं बेस्ट. पसरट टबात कोकोपीट टाका, वर ३-४ सेंटीमीटर पाणी, बस्स, खोल नको. काही तासांत नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च लावला की काठाला डोळ्यांच्या जोड्या पळताना दिसतील, बाकी शरीर दिसतच नाही, नुसते डोळे पळायलेत असं वाटतं.

खरी परीक्षा खाण्याची. पिल्लं पहिल्याच दिवशी जिवंत आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) खातात, कोरडी पावडर टाकली तर ती तशीच सडते आणि पाणी जातं, म्हणून माशाची अंडी भिजवायच्या आदल्या दिवशी आर्टेमियाची अंडी लावा. एक लिटर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम जाडं मीठ (आयोडीनवालं बारीक नको), कोल्ड्रिंकची बाटली उलटी कापून, खालून एअर पंपाचे बुडबुडे चालू. २६-२८ डिग्रीला चोवीस तासांच्या आसपास केशरी ठिपके सुटतात. हवा बंद करून तळाशी टॉर्च धरा, जिवंत असतात ते उजेडाकडं जमतात आणि टरफलं वर राहतात, मग ते नळीनं ओढून बारीक कापडातून गाळा आणि साध्या पाण्यानं धुवून द्या. लाईट गेली की पंप बंद, त्यामुळं पंप इन्व्हर्टरवर घ्या नाहीतर बॅटरीवाला ठेवा, या एका कारणानं माझी अख्खी बॅच गेली होती. दिवसातून दोनदा थोडं थोडं द्या, पोट केशरी दिसलं की बस. रोज थोडं पाणी बदला आणि टबात दोन-चार गोगलगायी सोडा, उरलेलं त्या संपवतात. डासांच्या अळ्या मोठे मासे मिटक्या मारत खातात, पण त्यासाठी घरात उघडा हौद ठेवू नका, गल्लीत डेंग्यू झाला की शेजारच्या काकू तुमचंच नाव घेतील.

तीन-चार आठवड्यांत नरांना रंग येतो आणि लगेच भांडणं सुरू होतात, लपायला जावा मॉस (पाण्यातलं शेवाळ) आणि बदामाची वाळकी पानं टाका. स्पंज फिल्टर हळू चालू ठेवा. झाकण मात्र फटीशिवाय हवं, हे उड्या मारतात, सकाळी फरशीवर वाळलेला नर सापडला की दिवसभर जेवण जात नाही.

आजार एकच सांगतो कारण या जातीत तोच जास्त दिसतो, वेल्व्हेट. मासा माळेगावच्या जत्रेतून भंडारा लावून आल्यासारखा दिसतो, अंगावर बारीक पिवळी भुकटी, आणि दगडाला अंग घासतो. मी पहिल्यापासूनच चार-पाच लिटरला एक चमचा जाडं मीठ ठेवतो, त्यानं बराच आळा बसतो.

उन्हाळ्याचं काय? आमच्याकडं मे मध्ये पारा ४० च्या वर जातो आणि यांना २२ ते २६ आवडतं, ३० च्या वर हाल. टाकी फरशीवर, खालच्या खोलीत, भोवती ओलं गोणपाट आणि पाण्यावर छोटा पंखा. पण माझं सरळ मत, उन्हाळ्यात मासेच नको, अंडी ठेवा. जूनमध्ये भिजवलं की ऑगस्टला मासे तयार, दिवाळीपर्यंत भरपूर अंडी. पिशव्या गावाकडच्या माळवदाच्या घरात ठेवतो, तिथं भर दुपारी पण गारवा असतो.

अंडी घ्यायला एक नर आणि दोन-तीन माद्या, दीड महिन्याच्या पुढचे. एकच मादी ठेवली तर नर तिला पळवून पळवून मारतो. आईस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाला मासा जाईल एवढं भोक पाडा, आत २-३ सेंटीमीटर कोकोपीट. नर्सरीतली कोकोपीटची वीट घ्या पण खत मिसळलेली नाही ना ते विचारा, उकळा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, उकळलं की ते बुडतं. नर मादीवर पंख टाकून तिला तळाशी दाबतो, दोघं थरथरतात आणि एक अंडं पडतं, एका वेळी एकच. तासभर बघत बसावं असं काम आहे.

आठ-दहा दिवसांनी डबा काढा, कोकोपीट जुन्या ओढणीत गाळून हलकं पिळा, पेपरवर सावलीत पसरा. इथं घड्याळ नाही, हात लागतो. आभाळ असेल तर दिवस जातो, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात दोन-तीन तासांत काम होतं. मूठ दाबली तर पाणी निथळायला नको, गोळा व्हायला हवा, बोटानं फुटायला हवा. मग झिपवाल्या पिशवीत भरून जात आणि तारीख लिहा.

ज्याला एवढं थांबणं जमणार नाही त्यानं गार्डनेरी नावाचा दुसरा किलीफिश घ्यावा, नायजेरिया-कॅमेरूनकडचा. हिरव्या ॲक्रेलिक लोकरीचा झुपका बुचाला बांधून टाकीत सोडायचा, अंडी बोटानं वेचायची, मिथिलीन ब्लूच्या (बुरशी रोखणारं निळं औषध) फिक्या निळ्या पाण्यात ठेवायची, पांढरी पडलेली काढत राहायचं, दोन-तीन आठवड्यांत पिल्लं. आणि कुठलाही असो, विहिरीत, तळ्यात सोडू नका. बाहेरून आणून सोडलेल्या चिलापीनं (तिलापिया) काय केलं ते मासे धरणाऱ्यांना विचारा.

आता महत्त्वाचं. भिजवून पिल्लं काढली की कोकोपीट फेकू नका. सगळी अंडी एका पावसात कधीच फुटत नाहीत, काही मुद्दाम मागं राहतात, आत वाढ थांबवून. त्याला डायपॉज म्हणतात. पहिला पाऊस फसवा निघाला आणि डबकं आठ दिवसांत आटलं तरी वंश राहावा म्हणून. दुबार पेरणीचं बियाणं निसर्गानंच बाजूला ठेवलंय समजा. ते कोकोपीट परत वाफशावर आणा, तीन-चार आठवडे ठेवा, परत भिजवा. मला एकदा पहिल्या वेळी चौदा मिळाले आणि दुसऱ्या वेळी बावीस.

तिसरी पिशवी अशीच दुसऱ्या भिजवणीसाठी खिडकीत ठेवली होती. आई म्हणली, "हे माती काय सांभाळायलास रे, महिना झालं," आणि तिनं ती तुळशीत टाकली. तुळस जोमात आहे. तेव्हापासून पिशवीवर तारखेच्या खाली मोठ्या अक्षरात लिहितो, हे खत नाही.