अमेरिकेतून भारतातलं मूल दत्तक घ्यायचंय? कागदांपेक्षा क्रम सांभाळा

"भारतात ये, भावाचं धाकटं ओटीत घे, दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदव, पासपोर्ट काढ आणि घेऊन जा. व्हिसाचं काय, आईबाप म्हटल्यावर देतातच." महाराष्ट्र मंडळाच्या जेवणावळीत हा सल्ला फुकट मिळतो आणि देणारा तो अगदी छातीठोकपणे देतो. मी अशा कुटुंबांच्या फाइली वर्षानुवर्षं हाताळते. कागद कमी पडल्यामुळे अडलेली फाइल आज ना उद्या सुटते. क्रम चुकलेली फाइल मात्र बऱ्याचदा सुटतच नाही.

हे सगळं अमेरिकेत राहणाऱ्या आणि भारतातून मूल आणू पाहणाऱ्यांसाठी आहे. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाचे नियम वेगळे आहेत. तिथल्या मंडळींनी यातलं काही उचलू नये. आंतरदेशीय दत्तकाचा १९९३ चा हेग करार भारतात २००३ पासून आणि अमेरिकेत एप्रिल २००८ पासून लागू आहे. त्याआधी कुणाच्या मावशीने मूल कसं नेलं, ही कथा आता ऐकायला बरी, वापरायला निरुपयोगी.

आधी पासपोर्ट बघा

अमेरिकेत हेग दत्तकासाठी आय-८००ए (पालक योग्य आहेत का) आणि आय-८०० (ठरलेलं मूल पात्र आहे का) हे दोन अर्ज लागतात आणि ते फक्त अमेरिकी नागरिकच करू शकतो. जोडपं असेल तर दोघांपैकी एक नागरिक असला की पुरे, पण दोघांनी मिळूनच दत्तक घ्यायचं. ग्रीन कार्डवाल्यांना ही वाट नाही. त्यांच्यासाठी उरते ती दुसरी वाट: मूल १६ वर्षांचं होण्याआधी दत्तक घ्यायचं आणि दोन वर्षं कायदेशीर ताबा व दोन वर्षं एकत्र राहणं सिद्ध करायचं. म्हणजे कुणीतरी नोकरी सोडून भारतात येऊन राहायचं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी मुलाला एच-४, म्हणजे अवलंबिताचा व्हिसा, मिळेलच असं धरून चालू नये. मूल स्वीकारल्यावर नव्हे, दत्तकासाठी नोंदणी करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठावं.

भारताची बाजू नेमकी उलटी. दिल्लीतलं केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे सगळे ज्याला 'कारा' म्हणतात ते, अनिवासी भारतीयांना प्राधान्याच्या बाबतीत भारतात राहणाऱ्यांच्या बरोबरीने धरतं. ओसीआय, म्हणजे परदेशी पासपोर्ट घेतलेले भारतीय वंशाचे लोक, आणि परदेशी नागरिक त्यांच्यानंतर. म्हणजे भारत ज्याला पुढे बसवतो त्याला अमेरिका दार उघडत नाही, आणि अमेरिका ज्याला दार उघडते त्याला भारत मागे बसवतो. या गोंधळात सगळ्यात सोयीचं जोडपं कोणतं? एक भारतीय पासपोर्टवर, एक अमेरिकी पासपोर्टवर. जोडीदारांपैकी एक भारतीय असेल तर कारा त्या जोडप्याला भारतीयांसारखंच धरते. तेव्हा दोघांची नागरिकत्वाची शपथ एकदमच उरकायची घाई असेल तर जरा थांबून विचार करा.

बाकीच्या अटी थोडक्यात. लग्नाला स्थिर दोन वर्षं झालेली हवीत. दोघांच्या वयांची बेरीज दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ८५, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि त्यावर ११० पेक्षा जास्त नको. पालक आणि मूल यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. भारतात १८ वर्षांपर्यंतचं मूल दत्तक घेता येतं, पण अमेरिकेचा आय-८०० सर्वसाधारणपणे मूल १६ वर्षांचं होण्याआधीच दाखल व्हावा लागतो.

संस्था निवडणं

तुमची फाइल चालवणाऱ्या अमेरिकेतल्या दत्तक संस्थेला दोन मान्यता हव्यात: अमेरिकेची हेग मान्यता आणि काराची परदेशी संस्था म्हणून परवानगी. एकच असेल तर उपयोग नाही. काराच्या संकेतस्थळावर यादी आहे. संस्थेच्या माहितीपत्रकावर जाऊ नका, यादीत नाव बघा.

पुण्याला गेल्यावर ससून रुग्णालयाच्या आवारातल्या श्रीवत्स या बालसंगोपन संस्थेत किंवा आणखी कुठे "नुसतं बघून येऊ" म्हणून चकरा मारू नका. संस्थेला तुम्हाला मूल दाखवून पसंत करू द्यायचा अधिकारच नाही. सगळं काराच्या केअरिंग्ज या पोर्टलवरून होतं. आणि "आश्रमात आपली ओळख आहे" म्हणणाऱ्या काकांना सांगा की बाल न्याय कायद्याच्या कलम ८० प्रमाणे ठरलेल्या पद्धतीबाहेर मूल घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

होम स्टडी आणि आय-८००ए

होम स्टडी म्हणजे तुमच्या घराची आणि कुटुंबाची पाहणी आणि तिचा अहवाल. तो आय-८००ए सोबत जातो. कागद गोळा करणं तुम्हाला जमेल. त्यावर शब्द खर्च करत नाही. दोनच गोष्टी सांगते.

पहिली: लपवू नका. वीस वर्षांपूर्वी कॉलेजात असताना दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पकडलं होतं, खटला रद्द झाला, रेकॉर्ड पुसलं गेलं, तरी सांगायचं. प्रकरण छोटं असतं. ते लपवलं हे मोठं ठरतं आणि नकार त्यावर येतो. घरात कायम राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाची तपासणी होते. ग्रीन कार्डवर तुमच्याकडे राहणाऱ्या आईबाबांचीही. वयाच्या १८ व्या वर्षापासून जिथे जिथे राहिलात तिथल्या नोंदी तपासल्या जातात, तेव्हा जुने पत्ते आत्ताच शोधून ठेवा.

दुसरी: कसं मूल स्वीकारायची तयारी आहे, हे होम स्टडीत लिहिलेलं असतं आणि मंजुरी तेवढ्यापुरतीच मिळते. तिथे "दोन वर्षांपर्यंतचं, निरोगी, एक" असं लिहून घेतलंत आणि पुढे पाच वर्षांच्या, ऐकायला कमी येणाऱ्या मुलीची माहिती आली, तर होम स्टडी सुधारून पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. ओसीआय जोडप्यांनी इथे स्वतःशी खरं बोलावं. मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त झाल्यावर ६० दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तरच ते आंतरदेशीय दत्तकाकडे येतं. अपंग मुलं, भावंडं आणि पाच वर्षांवरची मुलं यांना त्यात पुढे ठेवता येतं. तुमच्यापर्यंत येणारं मूल बहुधा यातलंच असेल. त्याची तयारी नसेल तर तसं म्हणा, लाज कसली? पण "बघू, मूल आल्यावर ठरवू" हे चालत नाही.

आय-८००ए ची मंजुरी १५ महिने टिकते. मुदत संपायच्या आत वाढवून घ्या. घर बदललं, दिवस गेले, नोकरी गेली तर लगेच कळवा.

मूल स्वीकारल्यावर: इथे घाई म्हणजे घात

या टप्प्याने सुरुवातीला मलाही घाम फोडला होता. दोन देशांची कार्यालयं आपापला नियम बरोबर सांगतात, पण दोन्ही नियम एकापुढे एक कसे लावायचे हे कुणीच सांगत नाही. तो क्रम असा.

पोर्टलवर मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल येतो. तो तुमच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवा आणि मगच सही करा. सही म्हणजे स्वीकार, दत्तक नव्हे. त्यानंतर अमेरिकेत आय-८०० दाखल करायचा. त्याला तात्पुरती मंजुरी मिळाली की मुलाचा व्हिसा अर्ज भरायचा. मग दिल्लीची अमेरिकी वकिलात फाइल तपासते आणि कराराच्या कलम ५ चं पत्र काराला देते: हे मूल आमच्या देशात येऊन राहू शकेल. ते पत्र आल्यावर काराचं ना-हरकत प्रमाणपत्र. ते हातात आल्यावरच भारतात दत्तक आदेशासाठी अर्ज. बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ सप्टेंबर २०२२ पासून, हे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

मधल्या काळात आजी-आजोबा फोनवर विचारत राहतात, "अजून किती दिवस बाळ तिथे ठेवणार?" ना-हरकत मिळाल्यावर आदेशाआधी मुलाला भारतातच पूर्व-दत्तक संगोपनासाठी घेता येतं, त्यासाठी संस्थेकडे रीतसर मागणी करा. त्याआधी मात्र काहीही नाही.

आता 'काहीही नाही' म्हणजे काय ते नातेवाइकाचं मूल घेणाऱ्यांनी नीट वाचावं. अमेरिकेचा नियम आहे की आय-८०० ची तात्पुरती मंजुरी मिळण्याआधी दत्तक पूर्ण झालेलं असेल तर अर्ज नाकारायचा. तो दत्तक मुलाच्या देशात रद्द झाला, तर गोष्ट वेगळी. इकडे हिंदू दत्तक आणि पोटगी कायदा, १९५६ चं कलम १५ म्हणतं की वैध दत्तक कुणालाही रद्द करता येत नाही. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. तुम्ही हौसेने नोंदवलेलं दत्तकपत्र हीच तुमची अडचण. त्यातून सोपी वाट निघत नाही, निघते ती वकिलाच्या फीची.

"पण २०२१ पासून हिंदू कायद्याखालच्या दत्तकालाही कारा ना-हरकत देते ना?" देते, खरं आहे. त्या मार्गात दत्तकपत्र आधी आणि कारा नंतर, म्हणजे अमेरिकेच्या क्रमाच्या बरोबर उलट. दुसऱ्या देशाला ते चालत असेल. अमेरिकेत जायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका. बाल न्याय कायद्याखाली नातेवाईक दत्तकाची स्वतंत्र सोय आहे. काका, मामा, आत्या, मावशी आणि आजी-आजोबा त्यात बसतात. तीच धरा.

दत्तकपत्र नोंदवलं नाही म्हणजे सुटलो असंही नाही. हिंदू कायद्यात मूल देणं-घेणं प्रत्यक्ष झालं की दत्तक होतो. दत्तहोमही सक्तीचा नाही. गावी जाऊन चार माणसांसमोर भावजयीने मूल तुमच्या ओटीत घातलं, फोटो काढले, ते व्हॉट्सॅपवर फिरले, तर वकिलातीतला अधिकारी विचारणारच की हे काय होतं. सोहळा हवाच असेल तर मूल अमेरिकेत पोहोचल्यावर करा, मंडळाला जेवण घाला.

आणखी एक कटू गोष्ट. जन्मदाते दोघंही हयात असतील तर ते मुलाची योग्य काळजी घ्यायला असमर्थ आहेत, हे अमेरिकेला पटावं लागतं. सांगलीत स्वतःचं घर आणि दोघांना सरकारी नोकरी असलेल्या भावाचा मुलगा "अमेरिकेत शिकेल तर बरं होईल" म्हणून दत्तक घेता येत नाही. हे तुम्हाला कुणी वाईट वाटू नये म्हणून सांगत नाही, मी सांगते. नोंदणीच्या आधीच कळलेलं बरं.

बाकी

आदेश मिळाला की तुमच्या नावाने जन्मदाखला, मग भारतीय पासपोर्ट, काराचं कलम २३ चं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक हेग कराराप्रमाणे झाल्याचं), वैद्यकीय तपासणी आणि दिल्लीत व्हिसा. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना लशी नंतर देण्याचं प्रतिज्ञापत्र चालतं. आदेश भारतातच पूर्ण झालेला असल्याने व्हिसा आयएच-३ असतो. अमेरिकी नागरिक आईबापांकडे राहायला आलेलं १८ वर्षांखालचं मूल त्यावर विमानतळातून बाहेर पडतानाच नागरिक होतं आणि नागरिकत्वाचा दाखला टपालाने घरी येतो. तो फ्रेम करू नका. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

भारतातल्या संस्थेचे आंतरदेशीय दत्तकाचे ५,००० डॉलर ठरलेले आहेत आणि ते तुमच्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत जातात. त्याखेरीज कुणी 'देणगी' मागितली तर पावती मागा. पुढचं संभाषण आपोआप थांबतं.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी मुलाच्या प्रगतीचा अहवाल भारतात पाठवायचा असतो. हे टाळू नका. अहवाल थकले की त्याचा जाब तुमच्या संस्थेला द्यावा लागतो, आणि मग तिच्या रांगेत तुमच्यामागे उभ्या असलेल्या जोडप्यांच्या फाइली रखडतात. ओसीआय कार्डाचा अर्ज आणि जुना भारतीय पासपोर्ट परत करणं पहिल्या अहवालाच्या सुमारालाच उरकून घ्या, म्हणजे पुढच्या दिवाळीला आजीकडे जाताना अडायला नको.