ट्रेलर घेण्याआधी गाडीचं दार उघडून बघा

गाडीमागे ओढायचा, आत राहण्या-झोपण्याची सोय असलेला कॅम्पिंगचा ट्रेलर बघायला डीलरकडे निघण्याआधी आपल्या गाडीचं ड्रायव्हरकडचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या माहितीचं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती पौंड चालतील, तो आकडा तिथे छापलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. हा पेलोड. इथे अमेरिकेत आपल्या घरांतून हायलँडर, पायलट, सिएना, ओडिसी अशाच गाड्या जास्त, आणि त्या मॉडेलप्रमाणे साडेतीन ते पाच हजार पौंड ओढतात. लोक तेवढाच आकडा धरून खरेदीला जातात. पण ओढायची ताकद शिल्लक असतानाच पेलोड संपतो, कारण ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडावर, पर्यायाने आपल्याच गाडीवर येतो.

आमचा हिशेब सांगते. आम्ही दोघं, दोन मुलं आणि उन्हाळ्यात पुण्याहून येणारे आई-बाबा, सगळे मिळून 770 पौंड. पसंत पडलेल्या ट्रेलरचं माहितीपत्रकातलं वजन 3,400 पौंड, म्हणजे आमच्या पाच हजारांत आरामात बसणारं. पण ते रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात 30 गॅलन पाणी घाला, गॅलनला 8.34 पौंड, म्हणजे 250. गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या 74. बॅटरी 50. गाद्या, भांडी, खुर्च्या, शिधा मिळून 450. झाले 4,224. त्याचे 12 टक्के 507, अधिक माणसांचे 770, एकूण 1,277. आमच्या दारावरचा आकडा होता 1,250, आणि अजून डिकीत एक पिशवीसुद्धा ठेवलेली नव्हती. तो ट्रेलर आम्ही सोडला. तुम्हीही हा हिशेब डीलरच्या टेबलावर न करता घरी, शांतपणे करा. ट्रेलरवर दोन आकडे बघायचे: भरून जास्तीत जास्त किती वजन चालेल, आणि त्यात सामानासाठी किती उरतं. सामानाचा आकडा पाच-सहाशेच्या आत असेल तर कुटुंबासाठी तो ट्रेलर घेऊ नका. घेतल्यावर एकदा भरलेल्या ट्रेलरसकट ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे वाहनांच्या वजनकाट्यावर जाऊन खरं वजन करा.

ब्रेक कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारं उपकरण, लागणारच असं धरून चाला. बऱ्याच राज्यांत 3,000 पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. शिवाय डेन्व्हरहून आय-70 हायवेने डोंगर चढता-उतरताना ते नसले तर जीव टांगणीला लागतो. त्याच रस्त्यावरचा आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांच्या वर आहे आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे अंदाजे तीन टक्क्यांनी घटते. म्हणून डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी ओढायच्या आकड्यातला पाचवा भाग तरी मोकळा ठेवावा.

आता जागा. ती फुटांत मोजू नका, माणसं आत बसवून मोजा. सगळ्या घराला डीलरकडे न्या, दार लावून घ्या आणि अर्धा तास आत राहा. बाहेर पाऊस लागलाय असं समजा. माझी आई एका सुंदर ट्रेलरमध्ये कोपऱ्यातल्या पलंगावर भिंतीच्या बाजूला आडवी झाली आणि म्हणाली, "रात्री उठायचं झालं तर मी तुझ्या बाबांना ओलांडून जाऊ का गं?" तिचे गुडघे दुखतात. त्या दिवसापासून आम्ही दोन्ही बाजूंनी उतरता येईल असाच पलंग शोधला. पायरीची उंचीही तिलाच चढायला लावून बघितली. 'आठ जण झोपतात' असं लिहिलेलं असतं, त्यात जेवणाचं टेबल पाडून केलेला पलंगही धरलेला असतो. रोज रात्री ते टेबल कोण पाडणार, हे आधी ठरवा.

स्लाइड-आउटने, म्हणजे थांबल्यावर बाहेर सरकवायच्या भागाने, आत छान ऐसपैस होतं, पण त्याचं वजन काहीशे पौंड असतं. ते बंद ठेवून संडास आणि फ्रिजपर्यंत पोचता येतं का, ते बघाच, कारण प्रवासात मध्येच थांबल्यावर तेच लागतं. हलक्या ट्रेलरमध्ये शॉवर आणि संडास एकाच छोट्या खोलीत असतात. इथले लोक त्याला नाकं मुरडतात. मला मात्र ती जागेची उत्तम बचत वाटते, आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये अशी न्हाणीघरं वापरतच आपण वाढलो. स्वयंपाकघरात मात्र तडजोड नको. आमचा कुकर आणि पोळ्यांचा तवा मी सोबत नेला होता. दोन शेगड्यांवर दोन्ही एकदम बसले नाहीत, म्हणून एक मॉडेल बाद झालं. छताला चांगला पंखा हवा, नाहीतर फोडणीचा वास गाद्यांत मुरतो. शेगडीवरच्या पंख्याची बाहेरची झडप प्रवासासाठी खिट्टी लावून बंद असते, ती उघडल्याशिवाय पंखा नुसताच घुमतो.

दोघंच फिरणार असाल तर मिनेसोटात बनणारा स्कॅम्प किंवा टेक्सासचा कसिटा बघा. फायबरग्लासच्या दोन अर्ध्या कवचांचा सांगाडा, त्यामुळे सांधे कमी आणि गळती कमी. 1968 साली विनिपेगमध्ये निघालेल्या बोलर नावाच्या ट्रेलरपासून ही पद्धत चालत आली. चौघांना मात्र तो अपुरा पडेल.

लांबी विचारताना हिचपासून मागच्या बंपरपर्यंतची विचारा. मॉडेलच्या नावात 19 असा लांबीचा आकडा असेल, तर तो बहुधा पुढचा दांडा सोडून असतो. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रस्त्यावर वरच्या डोंगराळ भागात 21 फुटांपेक्षा लांब वाहन चालत नाही, आणि ते गाडी-ट्रेलर मिळून. म्हणजे ट्रेलर खाली तळावरच सोडावा लागतो. जुन्या कॅम्पग्राउंडमधल्या जागाही आखूडच.

जुना ट्रेलर घेत असाल तर टॉर्च न्या. कपाटांचे वरचे कोपरे, खिडक्यांखालची भिंत, दाराजवळची जमीन दाबून बघा. हाताला मऊ लागलं किंवा बाहेरच्या पत्र्याला फुगे दिसले तर आत पाणी शिरलंय, किंमत कितीही कमी असली तरी परत फिरा. टायरवरचे शेवटचे चार अंक वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर नक्षी चांगली दिसली तरी बदलायचे.

ताबा घेण्याच्या दिवशी पाणी भरून, गॅस पेटवून, फ्रिज आणि एसी लावून दाखवायला सांगा. हिचचा गोळा आणि ट्रेलरची वाटी एकाच मापाची आहे ना, ते त्यावरचे आकडे वाचून पडताळा. सामान भरताना साठ टक्के वजन पुढच्या अर्ध्यात ठेवा, मागे जास्त झालं की हायवेवर ट्रेलर डोलायला लागतो. आणि पहिली रात्र घरापासून तासाभराच्या कॅम्पग्राउंडवर काढा. 30 अँपिअरच्या जोडणीवर एसी, मायक्रोवेव्ह आणि चहाची विजेची किटली एकत्र चालत नाहीत, हे तिथेच कळेल. विसरलेली उलथणी आणायलाही घर जवळ असेल.