नोकरी जाण्याआधी जमवायचे कागद

एचआरवाला हिशेबाचे कागद पुढे सरकवतो, तेव्हा त्यांत राजीनाम्याचा छापील अर्ज दडलेला नाही ना, हे आधी बघा. ‘सही करा, पैसे लवकर सुटतील’ या बोलण्यावर जाऊ नका. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना ही नोकरी गेलेल्याला बेकारीच्या काळात भत्ता देण्यासाठी आहे. स्वतःहून काम सोडलेल्याला, निवृत्ताला किंवा गैरवर्तनावरून काढलेल्याला तिथे थारा नाही. कामावरून कमी केल्याचं पत्र लेटरहेडवर, तारखेसह घ्या. गोव्यातल्या वेर्णे किंवा कुंडई औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडून लागला असाल, तर ते ठेकेदाराकडून घ्या, कारण ईएसआयच्या नोंदीत सहसा मालक तोच असतो.

मग वर्गणीचे, म्हणजे ईएसआयसाठी पैसे भरले गेलेले, दिवस मोजा. दोन वर्षं विमाधारक म्हणून नोकरी हवी. नोकरी जाण्यालगतच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी आणि त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी एकीत तितकीच. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत सीझनपुरतं काम करणाऱ्यांनी इथे जपावं. पगारातून कापलेले पैसे खरंच जमा झाले का, हे नोकरी असतानाच ईएसआयच्या पोर्टलवर बघून ठेवा. नंतर मालक फोन उचलेल याची खात्री नाही.

आधार, बँकेचं पासबुक आणि विमा नोंद या तिन्हींवर नाव एकच हवं. नाईक, गावकर यांची स्पेलिंगं जागोजागी वेगळी पडतात. ती आताच दुरुस्त करा.

रकमेकडून फार आशा नको. चार सहामाहींची एकूण कमाई भागिले 730, त्याचा निम्मा भाग, जास्तीत जास्त 90 दिवस. महिना पगार 15,000 रुपये धरला तर सगळे मिळून साधारण 22,000 रुपये. मधे खाडे असले तरी भागायचं 730 नेच, म्हणून रक्कम कमी. दावा बेकारीचे 30 दिवस झाल्यावर, तोही आयुष्यात एकदाच. योजनेची मुदत सरकार वेळोवेळी वाढवतं, म्हणून दावा करण्याआधी ईएसआयच्या शाखेत ती चालू आहे का विचारा.

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड इथे चालत नाही, पण गोव्यात सरकारी नोकरीच्या अर्जाला लागतं, तेव्हा नूतनीकरण चुकवू नका. आणि मधेच नवी नोकरी लागली, तर रुजू झाल्याच्या तारखेपासून भत्ता थांबतो. ती तारीख ईएसआयला स्वतः कळवा. नव्या मालकाने वर्गणी भरली की त्यांना ती दिसणारच आहे.