दिवाळी अंकाची फाइल आणि फॉन्टचा हिशेब

फाइलमध्ये सहसा फॉन्ट नसतो, फक्त त्याचं नाव असतं. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की प्रोग्रॅम दुसरा लावतो, ओळी लांबतात आणि जाहिरातींची पानं सरकतात. मी अंकाची मांडणी लिबरऑफिस रायटर या मोफत लेखन-प्रोग्रॅममध्ये करते, म्हणून तिथली पद्धत सांगते.

आधी फॉन्ट पारखा. कोऱ्या पानावर ‘मूर्तींना, वाङ्मय, दर्‍या, ॲसिड’ एवढे शब्द टाइप करा आणि सगळी अक्षरं नीट उमटतात का ते बघा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, 2008 साली आलं. त्याआधीच्या फॉन्टांत ते नसतं, मग तेवढ्या एका अक्षरासाठी रायटर दुसरा फॉन्ट शोधून आणतो. त्याची उंची वेगळी असली की तेवढ्याच ओळीभोवती जास्त जागा सुटते. हे टाळायला ओळींचं अंतर ‘फिक्स्ड’ (ठरावीक) करता येतं आणि पानं एकसारखी बसतात. पण अंतर कमी पडलं तर ‘र्तीं’वरचा रफार, वेलांटी, अनुस्वार सगळं छाटलं जातं. म्हणून मी अंतर अक्षराच्या उंचीच्या प्रमाणातच ठेवते आणि ‘ॲ’ असलेला फॉन्ट निवडते. मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ मला आवडतो. त्यात रोमन अक्षरंही आहेत.

फॉन्ट मजकूर निवडून लावू नका, पॅराग्राफ स्टाइलमध्ये, म्हणजे परिच्छेदांसाठी एकदाच ठरवून ठेवायच्या रूपात, द्या. तिथे ‘कॉम्प्लेक्स’चा खाना वेगळा असतो, मराठीला तोच लागू होतो. वरच्या ‘वेस्टर्न’मध्ये नाव घालून मराठी बदलत नाही, आणि नवखी माणसं इथेच अडतात. भाषाही मराठी करा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

संगणकावर शेकडो फॉन्ट असतील तर फॉन्टची यादी उघडायला वेळ लागतो. पर्यायांमध्ये ‘व्ह्यू’खाली फॉन्टचं प्रीव्ह्यू बंद करा. नमुने दिसणार नाहीत, पण रोजच्या कामाला नाव पुरतं.

आता फाइल पाठवणं. फाइल → प्रॉपर्टीज → फॉन्ट इथे फॉन्ट फाइलमध्येच भरायची सोय आहे. ‘फक्त वापरलेले’ हीसुद्धा खूण करा, नाहीतर फाइल विनाकारण फुगते. एरियल युनिकोडसारखा एकच फॉन्ट 20 एमबीच्या वर असतो! मजकूर रोज बदलत असताना ही सोय मी बंदच ठेवते, कारण फाइल जड झाली की सेव्ह करायला आणि मेलने पाठवायला वेळ जातो. मुद्रितशोधकाकडे पाठवायच्या दिवशी चालू करते. परवान्यात मनाई असलेला फॉन्ट मात्र भरला जात नाही. वर्डमध्ये ‘फक्त वापरलेली अक्षरं’ भरण्याचाही पर्याय आहे. त्याने फाइल हलकी होते, पण दुरुस्ती करणाऱ्याला नवं अक्षर त्या फॉन्टमध्ये मिळत नाही. शोधनासाठी जाणाऱ्या फाइलला तो कधीच लावू नका.

छपाईला पीडीएफच द्या. त्यात लागणारी अक्षरं आपोआप भरली जातात आणि छापखान्यात काही सहजासहजी हलत नाही.